नवे इंजिन, जुनी गाडी



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो फाट्यावरच्या गॅरेजात, चहाचा कप हातात घेऊन, हटकून निघतो. कुणाची तरी जुनी जीप तिथे उभी असते. इंजिन थकलेले असते, चढ आला की धापा टाकते. मग कुणीतरी म्हणतो, "अहो, हे इंजिन काढून टाका आणि एखादे नव्या गाडीचे दणकट इंजिन बसवा. गाडी पाखरासारखी उडेल." मिस्त्री मान डोलावतो. मालकाच्या डोळ्यांत चमक येते. आणि तिथून एका उद्योगाला सुरुवात होते.

हा उद्योग अगदीच वाईट आहे, असे सांगायला मी आलेलो नाही. माझा सारा जन्म तंत्रशाळेत मुलांना इंजिन शिकवण्यात गेला. लोखंडाची हौस मलाही आहे. पण या हौसेची दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्यात थोडा दोष माझाही होता. म्हणून हे बोलणे.

आधी आपल्या ओळखीचा एक दाखला घेऊ. समजा, घरी आजोबांच्या वेळची बैलगाडी आहे. तिला दोन म्हातारे बैल जुंपत होता. यंदा पीक बरे आले. तुम्ही बाजारातून ऐन उमेदीची खिल्लारी जोडी आणली आणि त्याच गाडीला जुंपली. पहिल्या दिवशी गाडी अशी गेली की, लोक ओट्यावर उभे राहून पाहत राहिले. पण जू तेच, कणा तोच, चाकाचे आरे तेच आणि हातातला कासराही तोच! चढाला जोडी हिसका देते तो कण्याला बसतो. आणि उधळली तर आवरायची कशाने? त्या जुन्या कासऱ्याने. शहाणा शेतकरी अशी जोडी आणण्याआधी सुताराला बोलावून गाडी दाखवून घेतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण गॅरेजच्या दाराबाहेर ठेवून जातो.

आता माझी हकीकत सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी वाईच्या बाजूला राहतो. १९९४च्या सुमारास त्याच्याकडे उंच बॉनेटची जुनी पेट्रोल जीप होती. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूचा भाजीपाला, आणि हंगामात स्ट्रॉबेरी, खाली वाईला आणायची, हा त्याचा धंदा. पेट्रोल परवडेना आणि इंजिन ओढेना. मग त्याने अपघातात मोडलेल्या एका मोठ्या गाडीचे डिझेल इंजिन विकत घेतले आणि महिनाभर खपून ते जीपमध्ये बसवले. मला मुद्दाम बोलावून म्हणाला, "सर, बघा आता गाडी कशी उठती ती. दुसऱ्या गिअरात घाट चढती!"

मी पाहिले. काम खरोखर सुबक होते. इंजिनाची फाउंडेशने नीट जोडली होती. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर कातून घेतलेली जाड पट्टी बसवली होती, आणि दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत, हे त्याने डायल लावून तपासले होते. मी त्याची पाठ थोपटली. पण "ब्रेकचे काय केलेस?" हा एक प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. शिक्षकाने विचारायला हवा होता तो नेमका हाच प्रश्न. पुढे काय झाले, ते सांगेनच. त्याआधी हे सारे प्रकरण आहे तरी काय, ते समजून घेऊ.

गंमत अशी की, त्या उंच बॉनेटच्या जीपचा जन्मच मुळी जुन्या गाडीत नवे इंजिन बसवण्यातून झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे इंजिन २,१९९ घनसेंटीमीटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. अमेरिकेतल्या विलिस कंपनीने त्याच मापाचे, पण जास्त जोराचे इंजिन तयार केले. जुन्या इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे, दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. नव्यात हवा घेणारा व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेला. तिथे जागा मिळाली, व्हॉल्व्ह मोठा करता आला, इंजिनाला मोकळा श्वास मिळाला आणि शक्ती सत्तरच्या थोडी वर गेली. पण व्हॉल्व्ह वर गेला, म्हणून इंजिन उंच झाले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना! मग १९५३ साली कंपनीने बॉनेटच उंच केले. तीच सी.जे. थ्री-बी, आणि तिलाच महिंद्र कंपनीने आपल्या देशात पुढे कित्येक वर्षे घडवले. आपल्या खेड्यापाड्यांत 'जीप' म्हटले की जे रूप डोळ्यांपुढे येते, ते असे इंजिनाच्या अदलाबदलीतून आलेले आहे.

यातून शिकायचे ते काय? शक्ती वाढवली ती साधारण पाचव्या हिश्श्याने. दुप्पट नाही, तिप्पट नाही. आणि कारखान्याकडे इंजिनियर होते, कसोटीचे रस्ते होते, मोडून पाहायला गाड्या होत्या. दुसरा दाखला अँबॅसडरचा. तिच्यात १९५९ साली नवे १,४८९ घनसेंटीमीटरचे इंजिन आले, आणि त्याच जातीवर ती गाडी तीस वर्षांहून अधिक काळ चालली. १९९०नंतर इसुझूचे १.८ लिटरचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन तिला बसवले. पण ते एकटे आले नाही. त्याच्याबरोबर पाच गिअरांची नवी गिअरबॉक्स आली आणि स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा खाली जमिनीवर आला. म्हणजे नव्या बैलांबरोबर नवे जूही आणले. कारखाना जे करतो, ते आपण गॅरेजात सोडून देतो. घोळ होतो तो इथेच.

आता जोर जातो कसा, ते पाहा. इंजिनाचा पीळ फ्लायव्हीलवरून क्लच प्लेटला, तिथून गिअरबॉक्सला, तिथून प्रोपेलर शाफ्टला, त्याच्या क्रॉसला, मग डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनला, तिथून हाफ शाफ्टला आणि शेवटी चाकाला मिळतो. ही साखळी आहे. आणि साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते.

इथे शिक्षक मित्रांसाठी एक हिशेब देतो. वर्गात फळ्यावर जरूर घालावा. त्या जीपच्या पहिल्या गिअरात इंजिनाचे सुमारे २.८ फेरे होतात, तेव्हा प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा होतो. आणि शाफ्टचे ५.३८ फेरे होतात, तेव्हा चाकाचा एक. दोहोंचा गुणाकार करा. पंधरा येतो. म्हणजे फेरे पंधरा पटीने कमी झाले आणि पीळ, घर्षणात जाईल तेवढा सोडला तर, पंधरा पटीने वाढला. आता नव्या इंजिनाने पीळ दीडपट केला, तर ते ओझे मागच्या एक्सलवर जाऊन पडते ते असे पंधरा पटीने मोठे होऊन. पहिल्या गिअरात, भरल्या गाडीने, चढावर क्लच झटक्यात सोडला की क्राउन-पिनियनचे दात का निखळतात, ते या गुणाकारात आहे. मालक म्हणतो, "हौसिंगचा माल हल्ली कच्चा येतो." माल कच्चा नसतो, हिशेब कच्चा असतो.

आणखी काही अडचणी अशा आहेत की त्या आधी दिसत नाहीत. त्या भराभर सांगतो. डिझेल इंजिन बहुधा वजनदार असते. पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होते. इंजिनाचे चेंबर खाली येते आणि खड्ड्यात पुढचा एक्सल उसळला की त्याला धडकते. जोर जास्त म्हणजे उष्णता जास्त. जुना रेडिएटर पुरत नाही. डिझेलला टाकीकडे परत जाणारी नळी लागते, ती पेट्रोलच्या गाडीला बहुधा नसते. काही जुन्या गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टची असते, काहींच्या बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते. तिथे नव्या इंजिनाचा अल्टरनेटर तसाच जोडला, तर तो जळून जातो. आणि ज्या मोटारीच्या ब्रेकला बूस्टर आहे, तिथे तर फारच जपायला हवे. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी निर्माण करते, तिच्यावर तो बूस्टर चालतो. डिझेलमध्ये तशी पोकळी मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप असतो. तो बसवायचा राहिला, तर ब्रेकचे पायडल दगडासारखे होते.

अलीकडच्या इंजिनांत एक नवी भानगड आहे. ती नुसती लोखंडाची राहिलेली नाहीत. इंधन किती आणि केव्हा सोडायचे, हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला ठिकठिकाणचे सेन्सर बातम्या पुरवतात. कित्येक गाड्यांत तर किल्लीची ओळख पटल्याशिवाय तो इंजिन चालूच होऊ देत नाही. भंगार बाजारातून इंजिन उचलून आणले आणि तारांचा जुडगा मागे ठेवला, तर घरी आले ते नुसते धड. डोके तिथेच राहिले!

पण मंडळी, हे सारे सोसता येते. दात तुटले तर पैसे जातात, रेडिएटर उकळला तर वेळ जातो. जीव जातो तो ब्रेकमुळे.

आपली सर्वसाधारण समजूत अशी की, वेग दुप्पट झाला तर गाडी थांबायला दुप्पट अंतर लागेल. तसे नाही. चौपट लागते. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले ब्रेक असतील, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरांत थांबते. ताशी ८०ला ३६ मीटर लागतात. शिवाय संकट दिसून पाय पायडलवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात पहिली गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, दुसरी २२. बेरीज करा. २० मीटर आणि ५८ मीटर. शाळेसमोर चेंडूमागे धावत आलेल्या मुलाला हा फरक कळत नाही. तो गाडीच्या मालकाला कळला पाहिजे. आणि हे आकडे चांगल्या ब्रेकचे आहेत. चाळीस-पन्नासच्या वेगासाठी घडवलेल्या, झिजलेल्या जुन्या ड्रम ब्रेकचे नव्हेत.

आता घाटाकडे वळू. ब्रेकचे काम म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करणे. लायनर ड्रमवर घासतो, ड्रम तापतो. पाचगणीहून पसरणीच्या घाटाने वाईला उतरताना गाडी पाचशे मीटरांहून जास्त खाली येते. माल आणि ट्रॉली धरून वजन अडीच टन असेल, तर पाचशे मीटर उतरताना जी उष्णता होते, तिने सुमारे ३५ लिटर गार पाण्याला उकळी येईल. हंड्यांनी पाणी तापावे, एवढी ही उष्णता! गाडी खालच्या गिअरात असेल, तर तिच्यातला बराच वाटा इंजिन पेलते. गाडी वरच्या गिअरात किंवा न्यूट्रलमध्ये सोडली, तर जवळजवळ सगळा भार चार ड्रमांवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरापासून दूर सरकतो. लायनर तापून गुळगुळीत होतो, धरत नाही. ब्रेक ऑइल जुने, पाणी शोषलेले असेल, तर ते नळीत उकळते आणि वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पायडल तळाला जाते आणि गाडी चालतच राहते.

माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झाले. जुने इंजिन होते तोवर तो चार क्विंटलच्या वर माल भरत नसे. गाडी ओढायचीच नाही. म्हणजे त्या अशक्त इंजिनाने नकळत त्याची राखण केली होती. नवे इंजिन आले आणि मागे ट्रॉली लागली. दहा क्विंटल माल येऊ लागला. चढायला काही अडचण नव्हती, म्हणून उतरायलाही नसेल असे वाटले. एके दिवशी संध्याकाळी भरल्या ट्रॉलीने उतरताना घाटाच्या मध्यावर पायडल तळाला गेले. तो शहाणा गडी, घाबरला नाही. हँडब्रेक ओढला, कसाबसा खालचा गिअर अडकवला आणि दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. गाडी उलटली, पण रस्त्यावरच उलटली. त्याला खरचटले. शेजारी त्याच्या बहिणीचा आठवीतला मुलगा बसला होता. त्याचा उजवा हात कोपरात मोडला.

मी दवाखान्यात गेलो, तेव्हा तो मला म्हणाला, "सर, इंजिनाचं सगळं बघितलं हो मी. एक नट ढिला ठेवला नाही." ते खरेच होते. आणि मला त्या दिवशी पाठ थोपटणारा माझा हात आठवत होता. त्या मुलाचा हात जुळला, पण आजही तो पुरता सरळ होत नाही.

म्हणून माझे सांगणे असे. तुमच्या मनात जुन्या गाडीत जोरदार इंजिन बसवायचे असेल, तर कामाचा क्रम उलटा करा. आधी थांबण्याची सोय, मग पळण्याची. ब्रेकचे ड्रम, लायनर, मास्टर सिलिंडर, नळ्या, तेल, मग टायर, पाटे, स्टिअरिंगचे सांधे, मग क्लच, गिअरबॉक्स, हौसिंग, मग रेडिएटर, आणि सर्वांत शेवटी इंजिन. या यादीचा खर्च आधी कागदावर मांडा. पुष्कळदा तो पाहूनच माणूस भानावर येतो.

आणि त्याहीआधी जुन्या इंजिनाची नाडी पाहा. कॉम्प्रेशन तपासून घ्या. कित्येकदा व्हॉल्व्ह घासून, रिंगा बदलून, गरज पडली तर बोअर करून तेच इंजिन पुन्हा पहिल्यासारखे ओढू लागते. गाडीचा बाकीचा सांगाडा त्याच जोराच्या मापाने घडवलेला असतो, त्यामुळे पुढचे सगळे प्रश्न उद्भवतच नाहीत. "गाडी हळू झाली" याचा अर्थ "इंजिन लहान आहे" असा नसतो. बहुधा "इंजिन दमले आहे" एवढाच असतो.

कायद्याचीही गोष्ट ध्यानात ठेवा. गाडीच्या नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक, त्याचे माप आणि इंधन लिहिलेले असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, कारखान्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला मन मानेल तसा करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. म्हणून पाना उचलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जा, काय चालते आणि काय चालत नाही ते विचारा, आणि परवानगी लेखी घ्या. नाहीतर उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिनाच्या क्रमांकाचा विचारील. जुने इंजिन घेताना पावती घ्या, क्रमांक जुळवून पाहा. चोरीच्या गाडीचे इंजिन तुमच्या दारात यायला वेळ लागत नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती. तुमच्या वर्गातल्या पोरांना इंजिनांची आवड असते. ती मोडू नका. पण त्यांना घेऊन एकदा मैदानावर जा. एका सायकलस्वाराला हळू यायला सांगा, ठरलेल्या रेघेवर ब्रेक लावायला सांगा आणि सायकल कुठे थांबली ते पावलांनी मोजा. मग जवळजवळ दुप्पट वेगाने यायला सांगा आणि पुन्हा मोजा. फळ्यावरचे चार धडे जे शिकवणार नाहीत, ते मुलांना त्या मोजलेल्या पावलांतून कळेल.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढे जीप दुरुस्त केली. आधी ब्रेक केले. ट्रॉली विकून टाकली. आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. कुणी मोठे इंजिन घेऊन आला की, तो बॉनेट उघडत नाही. आधी गाडीखाली शिरून चाकांच्या आतल्या बाजूने ब्रेकच्या नळ्या पाहतो. गिऱ्हाईक वैतागते. तो वैतागू देतो.

तुमच्या गॅरेजात असा मिस्त्री असेल, तर त्याच्यावर रागावू नका. आणि नसेल, तर तो प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. मी विचारला नव्हता.